गाय भरवण्याआधी गोऱ्ह्याचं काय ते ठरवा

गाय माजावर येते, फोन जातो, मोटारसायकलला नायट्रोजनचा कॅन बांधून रेतन करणारा येतो आणि दहा मिनिटांत काम उरकून जातो. तेवढ्यात एका जनावराच्या पुढच्या दहा-बारा वर्षांचं ठरून गेलेलं असतं. उन्हाळ्यात ते धापा टाकेल का, गोचीड तापात टिकेल का, नर निघाला तर त्याला कोण पोसणार, हे सगळं त्या एका कांडीवर, म्हणजे वळूचं गोठवलेलं वीर्य भरलेल्या बारीक नळीवर, अवलंबून असतं. आणि शहापूर, मुरबाड, भिवंडी, अंबरनाथकडच्या कितीतरी गोठ्यांत ती कांडी कोणी निवडलेलीच नसते. कॅनमध्ये जी हाताला लागली ती वापरली जाते. एचएफची (होल्स्टीन फ्रिजियन या जास्त दुधाच्या परदेशी जातीची) आहे ना, मग झालं.

संकराला माझा विरोध नाही. दोन-तीन लिटर दूध देणाऱ्या गावठी गाईवर घर चालत नाही, आणि चांगली पहिल्या पिढीची संकरित गाय आपल्या हवेतही नीट राहते. पण संकर करताना तंत्र एका बाजूला आणि नीती दुसऱ्या बाजूला अशी वाटणी करता येत नाही. वळू चुकला तर गाय विताना अडते. रक्ताची टक्केवारी चुकली तर कालवड जन्मभर धापते. या धंद्यातली प्रत्येक तांत्रिक चूक शेवटी कोणत्या तरी जनावराच्या अंगावर निघते.

आधी संकर कशाचा होतो ते पाहू. वशिंड असलेली आपली गाय आणि वशिंड नसलेली युरोपातली गाय या फार पूर्वी वेगळ्या झालेल्या दोन शाखा आहेत. दोघींच्या पेशीत गुणसूत्रं ६०, म्हणून त्यांची वासरं, नर असो वा मादी, पुढे प्रजननक्षम असतात. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३ आणि खेचर वांझ. ईशान्येकडच्या मिथुन या गाईच्या कुळातल्या जनावराची ५८, आणि मिथुन-गाय संकरातल्या पहिल्या पिढीचे नर वांझ निघतात. गाय आणि म्हैस यांचा संकर तर होतच नाही. गाईचा संकर फळतो ही सोय आहे, तशीच ती जबाबदारीही आहे. खेचरात झालेली चूक त्या खेचरापाशी थांबते. गाईत झालेली चूक पुढच्या प्रत्येक वेतात उतरते.

आता रक्ताचं गणित. आई-बापाच्या टक्केवारीची बेरीज करून निम्मी करायची. देशी गाय (०) आणि शुद्ध एचएफ वळू (१००) यांचं वासरू ५० टक्के. त्या ५० टक्के कालवडीला पुन्हा शुद्ध एचएफची कांडी भरली की ७५. तिच्या कालवडीला पुन्हा तेच केलं की ८७.५. तीन वेळा न विचारता कांडी भरली की गोठ्यात जवळजवळ पूर्ण परदेशी गाय उभी राहते. फक्त गोठा तोच राहतो: वर पत्रा, गव्हाणीत भाताचा पेंढा आणि दारात कोकणचा पाऊस.

पहिल्या पिढीची ५० टक्के गाय इतकी चांगली का निघते, यामागे संकरजोम आहे. तिच्या प्रत्येक जनुक-जोडीत एक भाग देशी आणि एक परदेशी असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या उणिवा बऱ्याच अंशी झाकल्या जातात. दूध वाढतं, कालवड लवकर माजावर येते, वासरं जगतात. तिला पुन्हा शुद्ध वळूकडे नेलं की निम्म्या जोड्या पुन्हा एकसारख्या होतात आणि संकरजोम निम्मा उरतो. ५० टक्के गाय आणि ५० टक्के वळू यांची जोडी लावली तरी तो निम्माच उरतो, आणि वर वासरं एकसारखी निघत नाहीत. एक आईसारखी निघते, एक गावठीच्या वळणावर जाते, एकीचं दूध भरपूर पण पाय नाजूक. ‘पहिली गाय सोन्यासारखी होती, तिच्या पोटी काहीच निघालं नाही’ अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. त्यात गाईचा दोष नसतो, दुसऱ्या पिढीत हे होणारच असतं.

यावर उपाय म्हणून तीन जातींचा संकर करतात, किंवा दोन जातींचं प्रमाण ठरवून पक्की जात घडवतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी हे आपल्याकडचं ठळक उदाहरण. तिच्यात एचएफ ५०, जर्सी २५ आणि गीर २५ टक्के आहे. ब्राझीलची गिरोलँडो ५/८ एचएफ आणि ३/८ गीर अशी पक्की केलेली जात आहे. म्हणजे ६२.५ टक्के. या दोन्हींमागे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आणि निवड आहे. घरच्या चार गाईंवर तो प्रयोग करायला जाऊ नये.

ठाणे जिल्ह्यासाठी परदेशी रक्ताची माझी मर्यादा ५० टक्के. पंखे, पाणी, हिरवा चारा आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर असेल तर ६२.५, त्यापुढे नाही. याचं कारण हवेत आहे, आणि ते आकड्यांत मांडता येतं.

गाय उष्णता बाहेर टाकते ती घामातून आणि श्वासातून. हवा आधीच ओली असेल तर तो घाम वाळत नाही. म्हणून नुसतं तापमान बघून उपयोग नाही, तापमान-आर्द्रता निर्देशांक काढायला हवा. तापमान सेल्सिअसमध्ये घेऊन १.८ ने गुणा आणि त्यात ३२ मिळवा. हा झाला पहिला भाग. मग आर्द्रतेच्या टक्क्यांना ०.००५५ ने गुणून तो आकडा ०.५५ मधून वजा करा. उरलेल्या आकड्याला (१.८ गुणिले तापमान, वजा २६) याने गुणा. हा दुसरा भाग. पहिल्यातून दुसरा वजा केला की निर्देशांक मिळतो. जास्त दुधाच्या एचएफ गाईला ६८ ते ७२ पासूनच ताण सुरू होतो. मे महिन्यातली दुपार ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेची धरा: निर्देशांक ८६. जानेवारीतली सकाळ २२ अंश आणि ६० टक्के: ६९. आणि आपल्याला ज्यात बरं वाटतं तो श्रावणातला दिवस, २८ अंश आणि ८५ टक्के: ८०. पावसाळ्यात गाईला गारवा मिळतो हा समज या एका आकड्याने खोटा ठरतो. आपल्याकडे ताणाबाहेरचे दिवस थंडीत सापडतात, आणि तेही मोजकेच.

ताणातली गाय ओळखायला फार शिकावं लागत नाही. बरगडीजवळ हात ठेवून श्वास मोजा. मिनिटाला ८० च्या वर गेला, तोंड उघडं आणि लाळ गळत असेल तर ती त्रासात आहे. अंगाचं तापमान एरवी १०१.५ फॅरनहाइटच्या आसपास असतं, ते १०२.५ च्या पुढे जाऊन तिथेच राहिलं की माज मुका होतो, म्हणजे त्याची लक्षणं दिसत नाहीत, आणि रेतन झालं असलं तरी पहिल्या आठवड्यात गर्भ मरतो. इथे एक चूक वारंवार दिसते: फॉगर. कोरड्या मुलुखात फॉगर चालतो. ठाण्याच्या दमट हवेत त्याचं बारीक धुकं हवा आणखी ओली करतं आणि गाईचे केस वरवर भिजवून तसंच बसतं. इथे मोठ्या थेंबांचा फवारा हवा, कातडीपर्यंत भिजवणारा, दर १५ मिनिटांनी १ ते ३ मिनिटं, आणि पंखा मात्र सतत चालू. पाणी अंगावरून उडून जायला हवं. पंखा नसेल तर फवारा सुरूच करू नका.

आता आई कोण, हा प्रश्न. इथे मला स्पष्ट सांगायचं आहे: शहापूरकडची डांगी गाय एचएफने भरवू नका. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव झरतो, त्यामुळे मुसळधार पावसातही ती उभी राहते. तिचे काळे टणक खूर चिखलात कुजत नाहीत. भाताच्या खाचरात चिखलणीला तिचा बैल चालतो. दूध कमी आहे, हे खरं. पण हे गुण एकदा संकरात विरघळले की कांडीने परत आणता येत नाहीत. तिला डांगीचाच वळू द्या. कोकण कपिला या कोकणातल्या जातीचंही तेच. संकरासाठी अशी गाय घ्या जी कोणत्याच नोंदणीकृत जातीची नाही, दोन वेतं सुखाने व्यालेली आहे आणि जिचं वजन २५० किलोच्या वर आहे.

वजन का, तर अडलेल्या वितीमुळे. डांगी किंवा गावठी गाईचं वासरू जन्मताना साधारण १८ ते २० किलोचं असतं, शुद्ध एचएफचं ४० किलोच्या आसपास. पहिलारू, अरुंद कटीच्या गावठी कालवडीला मोठ्या हाडाचा एचएफ वळू लावणं हे क्रौर्य आहे. वासरू अडतं, चार माणसं दोर लावून ओढतात, गाईच्या कमरेतली नस दबते आणि ती उठत नाही. लहान चणीच्या गाईला जर्सी लावावी. जर्सीचं वासरू लहान, पुढे गाय हलकी, चारा कमी, फॅट साडेचारच्या पुढे, आणि दमट हवा तिला एचएफपेक्षा बरी सोसते. ठाणे जिल्ह्यातल्या छोट्या गोठ्याला जर्सीचा संकर जास्त मानवतो असं माझं मत आहे. दूध दोन लिटर कमी दिसेल, डॉक्टरचं बिल त्याहून कमी येईल. कालवड संकरित असेल तर २५० किलो भरल्याशिवाय भरवू नका. वय १५-१८ महिने झालं तरी वजन नसेल तर थांबा.

वळू निवडताना कांडीवर छापलेलं वाचा: वळूचा क्रमांक, जात, केंद्राचं नाव, तारीख. शक्य असेल तर त्या केंद्राची वळूंची यादी मागा आणि आईचं दूध, फॅट, कालवडींची कामगिरी बघा. वही ठेवा. वही नसेल तर तीन वर्षांनी त्याच वळूची कांडी त्याच्याच मुलीला भरली जाते, आणि बाप-लेकीच्या त्या वासरात अंतःप्रजनन २५ टक्के होतं. अशक्त वासरं, वारंवार गर्भपात, न वाढणारी कालवड. त्याची कारणं बरेच जण चाऱ्यात शोधत बसतात.

माज. चक्र २१ दिवसांचं, १८ ते २४ मध्ये कधीही. काचेसारखा स्वच्छ, तुटत नाही असा सोट (योनीतून लोंबणारा चिकट स्राव), हंबरणं, दूध कमी होणं ही लक्षणं सगळ्यांना माहीत आहेत. पण खरं लक्षण एकच: दुसरं जनावर अंगावर चढलं तरी ती हलत नाही. बांधून ठेवलेल्या गाईत हे दिसणारच नाही. सकाळी, संध्याकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास अर्धा-अर्धा तास सोडून बघा. देशी रक्ताच्या गाई बऱ्याचदा रात्रीच माज दाखवतात, आणि त्यांचा माज आटोपशीर, दहा-बारा तासांचा असतो. संकरित गाईचा १२ ते १८ तास. बीजांड सुटतं ते माज संपल्यावर १०-१२ तासांनी. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ‘आत्ताच डॉक्टर आलेत तर भरून घ्या’ हे गाय उलटण्याचं, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येण्याचं, मोठं कारण आहे.

रेतन स्वतः करायला जाऊ नका, त्यासाठी प्रशिक्षण लागतं. चुकीच्या हाताने गुदाशय फाटतं आणि गाय दगावते. पण करणारा काय करतो आहे, हे गोपालकाला कळायला हवं, म्हणून जरा तपशिलात.

कांडी ०.२५ मिलिलिटरची, तिच्यात सुमारे २ कोटी शुक्राणू, आणि द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर. कांडी शोधताना कांड्यांचा आतला डबा कॅनच्या तोंडाबाहेर काढला की वरच्या कांड्यांचं तापमान चढतं, आत बर्फाचे स्फटिक पुन्हा वाढतात आणि शुक्राणूंची आवरणं फाटतात. पुन्हा बुडवल्यावर कांडी बाहेरून तशीच दिसते, आतला माल मेलेला असतो. डबा कॅनच्या मानेखालीच राहायला हवा, आणि पाच-सात सेकंदांत कांडी सापडली नाही तर परत बुडवून पुन्हा उचलायला हवा. कांडी चिमट्याने काढायची, बोटाने नाही. मग ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद. थर्मामीटर हवाच. तळहातावर चोळून, शर्टाच्या खिशात ठेवून किंवा घरातल्या अंदाजाच्या कोमट पाण्यात कांडी वितळवणारा माणूस तुमचे पैसे आणि गाईचे २१ दिवस वाया घालवतो. नंतर कांडी पूर्ण कोरडी पुसायची, कारण पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शुक्राणू फुगून फुटतात. बंद टोक सरळ, काटकोनात कापायचं. तिरकं कापलं तर आवरणनळीत कांडी घट्ट बसत नाही आणि अर्धा माल मागेच राहतो.

गाय खोड्यात, पण दोन माणसांनी शेपूट पिळून नव्हे. घाबरलेल्या गाईत गर्भाशयाचं आकुंचन बिघडतं. योनीभोवतीचं शेण कोरड्या कागदाने पुसायचं. साबण लावू नये. गन, म्हणजे कांडी बसवलेली रेतनाची लांब नळी, आधी ३०-४५ अंश वर तोंड करून आत जाते, म्हणजे मूत्रमार्गाच्या छिद्रात शिरत नाही, मग आडवी. गुदाशयातल्या हाताने गर्भाशयमुख पकडून ते गनवर चढवायचं, गन ढकलायची नाही. मुखाच्या आत कड्या लागतात, शेवटची कडी ओलांडली की तिथेच थांबायचं. तिथे गर्भाशयाचं शरीर आहे, त्यापुढे शिंगं. एका शिंगात माल गेला आणि बीजांड दुसऱ्या बाजूचं असलं तर फुकट. पाच सेकंद मोजत हळू सोडायचं. कांडी वितळल्यापासून हे सगळं १५ मिनिटांत. आणि आधी वही बघायची, कारण गाभण गायही कधी कधी माज दाखवते. तशा गाईत गन पुढे गेली की गर्भ पडतो.

क्षेत्रीय रेतनात शंभरातल्या ३५ ते ४० गाई पहिल्या कांडीला गाभण राहतात, त्यामुळे एकदा उलटली म्हणून घाबरायचं कारण नाही. तीनदा उलटली तर चौथी कांडी नको. गर्भाशयाची तपासणी, खनिज मिश्रण आणि वजन बघा. गाय सांगाडा झाली असेल तर तिचं शरीर गर्भ नाकारतं आहे, आणि ते बरोबर करतं आहे.

या सगळ्यातला जो भाग कोणी बोलत नाही तो नर वासराचा. दहा गाई व्याल्या की पाच गोऱ्हे. ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आल्यावर त्यांना काम उरलेलं नाही. संकरित बैलाला वशिंड नसतं किंवा नावापुरतं असतं, जू त्यावर टेकत नाही, घसरतं, खांदेसूज येते. उन्हात तो तासाभरात बसतो. म्हसा यात्रेच्या बाजारात त्याला कोण विचारणार? २०१५ च्या कायद्यापासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूच्याही कत्तलीला बंदी आहे. तो कायदा हवा की नको हा वेगळा विषय. तो आहे, हे धरूनच गाय भरवायची असते. तशी ती भरवली जात नाही, म्हणून गोऱ्ह्याला उपाशी ठेवलं जातं. चीक अर्धवट पाजायचा, मग पाणी घातलेलं दूध, कोपऱ्यात ओल्या जागेवर बांधायचं. तिसऱ्या आठवड्यात हगवण लागते आणि तो मरतो. सांगताना म्हणतात, ‘आजार आला.’ आजार आला नाही. त्याला मारलं, फक्त सुरी न वापरता.

आणि याची शिक्षा गाईलाही होते. देशी रक्ताची गाय वासरू दिसल्याशिवाय पान्हा सोडत नाही. गोऱ्हा मेला की ती दूध चोरते. मग मेडिकलमधून बाटली येते आणि दोन्ही वेळा ऑक्सिटोसिनचं, म्हणजे पान्हा सोडायला लावणाऱ्या संप्रेरकाचं, इंजेक्शन टोचलं जातं. दुधासाठी असं टोचणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. एका उपाशी गोऱ्ह्यापासून हे सगळं सुरू होतं.

म्हणून गाय भरवण्याआधी नर निघाला तर काय, याचं उत्तर तयार हवं. एक रस्ता लिंगनिर्धारित कांडीचा. मादी घडवणाऱ्या शुक्राणूत डीएनए सुमारे ४ टक्के जास्त असतो, त्यावरून यंत्र त्यांना वेगळं करतं. ९० टक्के कालवडी मिळतात. देशी तंत्रज्ञानाने बनलेल्या अशा कांड्यांचं उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्याच राज्यात, वाशिमला झालं. पण या कांडीत शुक्राणू २० लाखांच्या आसपासच असतात, साध्या कांडीच्या दहावा हिस्सा, आणि यंत्रातून गेल्यामुळे ते थकलेलेही असतात. त्यामुळे गर्भधारणा कमी होते. ती निरोगी, वजनाला भरलेल्या कालवडीत किंवा पहिल्या-दुसऱ्या वेताच्या गाईत वापरा, माज सुरू झाल्यापासून १८-२० तासांनी. उलटणाऱ्या गाईत वापरून मग ‘कांडीच खराब’ म्हणू नका. आणि ९० म्हणजे १०० नव्हे. दहातला एक गोऱ्हा येणारच, त्याची सोय लागतेच.

दुसरा रस्ता गाय कमी वेळा भरवण्याचा. ५० टक्के गाय नीट खायला मिळालं तर वर्षाच्या पुढेही दूध देते. दरवर्षी वेत हवंच हा हट्ट सोडला तर वासरांची संख्या आपोआप घटते. तिसरा रस्ता गोऱ्हा पोसण्याचा. जन्मल्यावर दोन तासांच्या आत चीक, पहिल्या २४ तासांत वजनाच्या १० टक्के. म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर. नाळेला आयोडीन. पुढे तीन महिने रोज तेवढंच दूध, म्हणजे जवळजवळ सव्वादोनशे लिटर. हा आकडा दुधाच्या हिशेबात आधीच वजा धरा. धरता येत नसेल तर साधी कांडी वापरण्याचा अधिकार आपल्याला नाही, असं मला ठामपणे वाटतं.

संकराबरोबर गोचीड ताप येतो, त्याकडे वळतो. देशी गाय थायलेरिया हा या तापाचा जंतू अंगात घेऊन जगते, संकरित गाय त्याने मरते, आणि रक्त जितकं परदेशी तितकी लवकर. ताप १०४ च्या वर, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी, डोळ्याची आतली त्वचा पांढरीफटक. बुपारव्हाक्वोन हे औषध, वजनाच्या किलोला २.५ मिलिग्रॅम, खोल स्नायूत, डॉक्टरकडूनच, आणि तेही पहिल्या दोन-तीन दिवसांत. रक्त संपल्यावर औषध काही करत नाही. गोचीड अंगावर असते त्याहून जास्त भिंतींच्या भेगांत असते, म्हणून गाईवर औषध लावून गोठा तसाच सोडला तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच. भेगा सिमेंटने बुजवा, चुना मारा.

चाऱ्याबद्दल थोडक्यात. भाताच्या पेंढ्यावर संकरित गाय उभी राहत नाही. १०० किलो पेंढ्यावर ४ किलो युरिया ५०-६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडा, दाबून, हवाबंद झाकून २१ दिवस ठेवा. उघडल्यावर दोन तास वारा लागू द्या, मगच घाला. सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नका. दहा लिटरच्या गाईला शरीरासाठी दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो खुराक, म्हणजे साडेपाच किलो, सोबत ५० ग्रॅम खनिज मिश्रण. एवढं परवडत नसेल तर ५० टक्क्यांचाही संकर नको, गावठी गाय बरी.

घोडबंदर रोडच्या, खारघरच्या सोसायट्यांत ‘देशी गाईचं ए-टू दूध’ म्हणून जे विकलं जातं, त्यावरही बोललं पाहिजे. ए-वन आणि ए-टू हा बीटा केसीन प्रथिनातल्या ६७ व्या जागेचा फरक आहे, तिथे हिस्टिडीन हे अमिनो आम्ल असेल तर ए-वन, प्रोलीन असेल तर ए-टू, एवढाच. गीर गाईत बहुतांशी ए-टू असतं. पण तिला एचएफ वळू लावला आणि त्या वळूत ए-वनचं जनुक असेल, तर वासरू मिश्र निघू शकतं. म्हणजे गाईच्या वशिंडावरून दुधाची जात ठरत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये असे दावे काढायला सांगितलं आणि काही दिवसांतच ती सूचना मागे घेतली, त्यामुळे लेबलावर भरवसा ठेवता येत नाही. विकणाऱ्याने सरळ ‘संकरित गाईचं दूध’ लिहावं. त्यात कमीपणा काहीच नाही. संकरित कालवड गीर म्हणून विकणं तर सरळ फसवणूक आहे, कारण घेणारा तिच्यावर शुद्ध पैदास करायला जातो आणि तीन वर्षांनी त्याला कळतं.

बंगल्याच्या अंगणात शोभेसाठी ठेंगण्या गाई ठेवायची हौस हल्ली वाढली आहे. पुंगनूर ही आंध्रातली खरी, जुनी जात आहे. पण ठेंगणं दिसावं म्हणून गावठी गाईंत खुज्या वळूंचा संकर करत राहणं, किंवा ठेंगणी गाय साध्या वळूने भरवणं, हे करू नये. दुसऱ्या प्रकारात विताना गाय जाते.

ज्यांच्या गोठ्यात आत्ताच ७५ टक्के गाई उभ्या आहेत, त्यांनी त्या विकून टाकायच्या नाहीत. पुढची कांडी बदला. ७५ टक्के गाईला चांगल्या गीर वळूची कांडी दिली तर कालवड ३७.५ टक्के, निवडलेल्या ५० टक्के संकरित वळूची दिली तर ६२.५. पहिलीचं दूध आईपेक्षा कमी असेल, पण मे महिन्यात ती उभी राहून रवंथ करेल. कानातला १२ आकडी बिल्ला, वळूचा क्रमांक, तारीख आणि टक्केवारी वहीत आणि ‘भारत पशुधन’ या जनावरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत दोन्हीकडे लिहून घ्या. रेतन जमेल तितकं जानेवारी-फेब्रुवारीत आणा. तेव्हा हवा गर्भाला सोसवते, आणि १५ जानेवारीला भरलेली गाय २८० दिवसांनी, २२ ऑक्टोबरच्या आसपास विते. पाऊस ओसरलेला असतो, बांधावर गवत असतं आणि वासराला कोरडी जागा देता येते. हव्या त्या वळूच्या कांड्या मात्र डिसेंबरातच सांगून ठेवा.